एक पत्ता, दोन धनी : शाळेच्या सर्व्हरवरील आय. पी. पत्त्यांचा तंटा

हजेरीपटावर एकच क्रमांक दोन विद्यार्थ्यांस दिला, तर हाक मारताच दोघेही 'हजर' म्हणतील आणि नोंद कोणाची करावयाची हे गुरुजींस कळणार नाही. शाळेतील संगणकांच्या जाळ्यातही कधी कधी असाच प्रकार घडतो. लिनक्स सर्व्हरवरील पाठ पाच मिनिटे दिसतो, मग बंद पडतो, पुन्हा दिसू लागतो. अशा वेळी सर्व्हर बिघडला असे समजून तो पुसून नव्याने भरण्याची घाई करू नये. तसे केल्यास वर्षभराच्या नोंदी नाहीशा होतील आणि मूळ दोष मात्र तसाच राहील.

जाळ्यातील प्रत्येक यंत्रास आय. पी. पत्ता असतो व तो दोन रीतींनी मिळतो. सर्व्हरला तो हाताने, कायमचा नेमून देतात. हा स्थिर पत्ता. इतर संगणकांस व भ्रमणध्वनींस राउटर आपल्या साठ्यातून ठरावीक मुदतीपुरता पत्ता देतो. हा गतिशील पत्ता होय. या वाटपाची डी. एच. सी. पी. ही पद्धत १९९३ साली नियमबद्ध झाली.

समजा, सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२० आहे आणि राउटरचा साठा शेवटच्या अंकात २ पासून २५४ पर्यंत आहे. हाताने दिलेल्या पत्त्याची नोंद राउटरपाशी नसते. काही राउटर पत्ता देण्यापूर्वी तो कोणी वापरीत आहे काय, अशी चौकशी करतात. परंतु सर्व्हर त्या वेळी बंद असेल, तर उत्तर कोण देणार? मग तोच पत्ता एखाद्या भ्रमणध्वनीस मिळतो, आणि सर्व्हर सुरू होताच तंटा उभा राहतो.

परीक्षा पुढीलप्रमाणे करावी :

१. सर्व्हरवर 'आयपी ॲड्रेस' ही आज्ञा द्यावी. एकाच जोडणीवर दोन पत्ते दिसले व एकापुढे 'डायनॅमिक' असा शब्द असला, तर सर्व्हर स्वतःही राउटरकडे पत्ता मागत आहे असे समजावे. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या फाइलीत ही मागणी बंद करून 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा द्यावी. १२० सेकंदांत संमती न दिल्यास पूर्वीची रचना आपोआप परत येते.

२. सर्व्हरची नेटवर्कची तार काढून, दुसऱ्या लिनक्स संगणकावरून 'आर्पिंग' या आज्ञेने सर्व्हरच्या पत्त्यास हाक मारावी. तरीही उत्तर आले, तर तो पत्ता दुसऱ्या यंत्राने घेतला आहे. उत्तरासोबत त्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता येतो; तो राउटरच्या यादीत शोधावा, म्हणजे यंत्र ओळखता येईल.

उपाय सोपा आहे. सर्व्हरचा पत्ता न बदलता राउटरचा साठा १०० पासून सुरू करावा व तंटा करणारे यंत्र जाळ्यापासून तोडून पुन्हा जोडावे. साठा बदलता येत नसेल, तर राउटरमध्ये सर्व्हरच्या हार्डवेअर पत्त्याच्या नावे तो क्रमांक राखून ठेवावा. हाताने दिलेला प्रत्येक पत्ता जडवस्तुसंग्रह नोंदवहीत त्या त्या यंत्रापुढे लिहावा, म्हणजे बदलून येणाऱ्या शिक्षकासही तो ठाऊक राहील.