जहाजांच्या प्रतिकृती : आसंजके व जोडणी

प्रत्यक्ष जहाजाच्या निरनिराळ्या भागांची परस्पर प्रमाणे कायम राखून तयार केलेली त्याची लहान आकाराची नक्कल म्हणजे जहाजाची प्रतिकृती होय. लाकडी प्रतिकृतीत तळाचा कणा, फासळ्या, बाहेरील फळ्या, डेक, डोलकाठ्या, दोर असे शेकडो सुटे भाग एकमेकांस जोडावे लागतात. प्रत्यक्ष जहाजात हे भाग बोल्ट, खिळे व लाकडी मेखा यांनी आवळलेले असतात. प्रतिकृतीत हे काम मुख्यत्वे आसंजकाकडे (चिकटविणाऱ्या पदार्थाकडे) येते. तथापि आसंजक हे सांध्यातील उणीव भरून काढण्याचे साधन नव्हे. भाग आधी नेमके बसले पाहिजेत व आसंजकाने त्यांना केवळ त्या स्थितीत धरून ठेवले पाहिजे, हे या कामाचे मूलतत्त्व आहे.

इतिहास : जहाजांच्या प्रतिकृती फार प्राचीन काळापासून तयार होत आल्या आहेत. ईजिप्तमधील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली सापडलेल्या रंगीत लाकडी नौका सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापासून युद्धनौकांच्या काटेकोर प्रतिकृती बनू लागल्या. त्यांपैकी अनेकींचे प्रमाण १:४८ असून त्या ग्रिनिच (लंडन) व ॲनापोलिस (अमेरिका) येथील संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. त्या काळी प्राण्यांचे कातडे व हाडे यांपासून केलेला सरस व लाकडाच्या बारीक मेखा एवढीच जोडणीची साधने होती. तरीही या प्रतिकृती तीन शतके टिकल्या, याचे मोठे श्रेय सांध्यांच्या अचूकपणास द्यावे लागते.

सांध्याची जुळणी : १:४८ या प्रमाणात ०.५ मिमी. रुंदीची फट म्हणजे प्रत्यक्ष जहाजातील २४ मिमी. फट होय. खऱ्या जहाजात अशा फटीतून पाणी आत आले असते. प्रतिकृतीत ती डोळ्यास खटकते आणि सांधाही दुबळा करते. बहुतेक आसंजकांचा थर पातळ असतानाच सर्वांत बळकट असतो. जाड थर सुकताना आकसतो, त्यास तडे जातात व भार पडताच सांधा तेथेच उकलतो. याउलट शिकंजा फार आवळल्यास आसंजक बाहेर पिळले जाऊन सांधा कोरडा पडतो. म्हणून दोन्ही पृष्ठभाग सपाट व स्वच्छ असणे आणि दाब बेताचा असणे आवश्यक असते.

आसंजक लावण्यापूर्वी सर्व भाग कोरडेच जुळवून पाहतात. कण्याच्या खाचांत फासळ्या बसवून त्या गुण्याने काटकोनात आहेत की नाहीत हे तपासतात. नंतर एक पातळ लवचिक पट्टी सर्व फासळ्यांवरून नाळेपासून मागील टोकापर्यंत टेकवतात. पट्टी एखाद्या फासळीपासून अधांतरी राहिल्यास तेथे लाकडाची चकती चिकटवून भर घालतात. एखाद्या फासळीवर ती उचलली गेल्यास ती फासळी कानशीने उतरवतात. टोकांकडील फासळ्यांच्या कडांना फळीच्या वळणानुसार उतार द्यावा लागतो. तो न दिल्यास फळी फासळीच्या केवळ एका कोपऱ्यावर टेकते व आसंजकास पुरेसा पृष्ठभाग मिळत नाही.

लाकडाच्या तंतूंची दिशाही विचारात घ्यावी लागते. तंतूंना समांतर असलेले दोन पृष्ठभाग नीट चिकटविल्यास सांधा लाकडाइतकाच, किंबहुना त्याहूनही बळकट होतो. आडव्या कापाच्या टोकाकडून मात्र तंतूंच्या पोकळ्या आसंजक शोषून घेतात व सांध्यात फारच थोडे उरते. अशा टोकांना प्रथम एक पातळ हात देऊन तो मुरू देतात, मग दुसरा हात देऊन सांधा जोडतात. शिवाय खाच अथवा बांबूची बारीक मेख देऊन त्यास यांत्रिक आधार देतात.

प्रमुख आसंजके : सरस पाण्यात भिजवून सुमारे ६०° से.पर्यंत तापवून वापरतात. अधिक तापविल्यास त्याचे बळ कमी होते. दमट हवेत तो मऊ पडतो व त्यावर बुरशी येते. मात्र उष्णता व ओलावा देऊन त्याचा सांधा सोडविता येतो, हा त्याचा मोठा गुण होय.

पॉलिव्हिनिल ॲसिटेटाचा शोध फ्रिट्झ क्लाटे या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९१२ साली लावला. त्याचे पांढरे पायस सुतारकामात सर्वत्र वापरले जाते. भारतात ते ‘फेव्हिकॉल’ या व्यापारी नावाने परिचित आहे. त्यातील पाणी लाकडात मुरून व हवेत उडून गेल्यावर सांधा घट्ट होतो. त्यास सुमारे अर्धा ते एक तास दाबून धरावे लागते व पूर्ण बळ येण्यास २४ तास लागतात. लाकडास लाकूड जोडण्यासाठी, भाग सरकवून नीट बसविण्यास अवधी देणारे हे सर्वांत सोयीचे आसंजक होय. सतत ताण असलेल्या सांध्यात मात्र ते हळूहळू सरकते.

सायनोॲक्रिलेटाचा चिकटपणा हॅरी कूव्हर यांच्या संशोधनात १९४२ साली लक्षात आला व ते १९५८ मध्ये बाजारात आले. पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलाव्यामुळे त्याचे बहुवारिकीकरण होऊन ते काही सेकंदांत घट्ट होते. ही शीघ्रता हाच त्याचा गुण व दोषही आहे, कारण चुकून तिरका बसलेला भाग सरळ करण्यास वेळच मिळत नाही. त्याचा थर ठिसूळ असल्याने आघाताने सांधा सुटतो. सांडलेल्या जागी लाकूड रंग शोषत नाही. सुती कापडावर अधिक प्रमाणात सांडल्यास विक्रिया इतकी उष्णता निर्माण करते की, त्वचा भाजू शकते.

एपॉक्सी आसंजकात रेझीन व ते कठीण करणारा पदार्थ असे दोन घटक असून ते ठरलेल्या प्रमाणात मिसळावे लागतात. ते सुकताना फारसे आकसत नाही. म्हणून धातू व लाकूड यांचा सांधा किंवा किंचित फट राहिलेली जागा यांसाठी ते योग्य ठरते. त्वचेस त्याची ॲलर्जी होऊ शकत असल्याने हातमोजे वापरणे इष्ट असते. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या तयार संचांसाठी मात्र विद्रावकयुक्त सिमेंट लागते. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते. लाकडास त्याचा उपयोग नाही.

सागवानाची अडचण : भारतीय कारागिरास जहाज म्हटले की साग आठवतो व त्यास आधारही आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली व १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलेली ट्रिंकोमाली ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप तरंगत्या स्थितीत जतन केलेली आहे. तोफांच्या डेकवर तिची लांबी सुमारे ४६ मी. असल्याने १:४८ प्रमाणात ती सुमारे ९५ सेंमी. भरते. परंतु प्रतिकृतीत सागाचे दोन दोष जाणवतात. त्याचा पोत भरड असल्याने लहान आकारात तो विसंगत दिसतो आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे आसंजक धरत नाही. साग वापरावयाचाच असल्यास सांध्याची जागा नव्याने घासून ॲसिटोनाने पुसतात व विलंब न लावता चिकटवितात. हळदूसारखे बारीक व एकसारख्या पोताचे लाकूड अशा कामास अधिक सोयीचे पडते.

फळ्या बसविणे : जहाजाचा घेर मध्यभागी मोठा व नाळेशी लहान असतो, परंतु फळ्यांची संख्या सामान्यतः दोन्हीकडे सारखीच ठेवतात. मध्यभागी एका बाजूचा घेर १२० मिमी. व फळी ५ मिमी. रुंद असल्यास २४ फळ्या लागतील. नाळेशी घेर ७२ मिमी. असल्यास प्रत्येक फळी तेथे ३ मिमी.पर्यंत निमुळती करावी लागेल. फळीची रुंदी मूळच्या निम्म्याहून कमी होऊ देत नाहीत. निमुळती न करता फळी बळाने वाकवून चिकटविल्यास तिची एक कड उचलली जाते व कोणतेही आसंजक तिला कायमचे दाबून ठेवू शकत नाही.

वळणासाठी फळी पाण्यात भिजवून उष्णता देतात व साच्यावर अथवा फासळ्यांवरच बांधून पूर्ण वाळू देतात. ओली फळी चिकटविल्यास ती वाळताना आखडते व शेजारच्या फळीशी फट पडते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत लाकूड तंतूंच्या दिशेने जेमतेम ०.१ ते ०.२% आकसते, आडव्या दिशेने मात्र हे प्रमाण कित्येक टक्के असते. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात जोडलेल्या फळ्या उन्हाळ्यात उकलतात, त्याचे कारण हेच. लाकूड खोलीच्या हवेत काही आठवडे मुरू देऊन मगच कामास घ्यावे लागते.

धातूचे भाग, दोर व डोलकाठ्या : पितळी भाग ॲसिटोनाने पुसून, मागे बारीक तार बसवून ती लाकडातील छिद्रात एपॉक्सीने पक्की करतात. दोरांच्या गाठींवर पॉलिव्हिनिल ॲसिटेटाचे पाणी घातलेले पातळ मिश्रण लावतात. सायनोॲक्रिलेटाने सूत कडक व ठिसूळ होते. डोलकाठ्या बहुधा चिकटवीत नाहीत. खऱ्या जहाजाप्रमाणेच दोरांच्या समतोल ताणाने त्या उभ्या राहतात व दुरुस्तीच्या वेळी काढता येतात.

जतन : जोडणीच्या साहित्याचे परिणाम पुष्कळदा अनेक वर्षांनी दिसतात. ओकसारख्या लाकडातून व काही आसंजकांतून ॲसिटिक अम्लाची वाफ सावकाश बाहेर पडते. हवाबंद काचपेटीत ती साठून शिशाचे नांगर, तोफा इ. भागांवर पांढरी भुकटी धरते व अखेर ते भाग कुजल्यासारखे ढासळतात. यासाठी शिशाचे भाग टाळणे व पेटीत हवा खेळती ठेवणे हे उपाय योजतात. संग्रहालयांत दुरुस्तीसाठी ॲसिटोनात पुन्हा विरघळणारे पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझीन वापरले जाते, कारण आज केलेला सांधा उद्याच्या दुरुस्ती करणाऱ्यास मूळ लाकूड न दुखावता सोडविता आला पाहिजे. खाजगी कारागिरासही हा विचार उपयुक्त आहे. जो सांधा चिकटविण्यापूर्वीच आपल्या जागी स्थिर राहतो, त्यास सौम्य व सुटू शकणारे आसंजक पुरते. ज्यास अतिशय प्रबळ आसंजकाची गरज भासते, तो बहुधा पुन्हा तासून बसविण्याजोगा असतो.