पूर्णा खोऱ्यातील काळी मृदा : प्रयोगशाळा, हवामान व भूरूप यांच्या आधारे मृदेची ओळख

प्रस्तावना

'काळी कपाशीची जमीन' हा शब्दप्रयोग विदर्भात इतका रुळला आहे की ती सर्वत्र एकाच प्रकारची मृदा असावी, असा समज सहज होतो. नागपूर जिल्ह्यातील खोल काळी मृदा आणि अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्याची मृदा शेजारी ठेवल्यास रंग, भेगा आणि चिकणपणा यांवरून त्यांतील फरक अनुभवी माणसालाही चटकन सांगता येणार नाही. पिकांना मात्र तो कळतो. पहिल्या मृदेत कपाशीची मुळे खोलवर जातात. दुसरीत पावसाचे पाणी वरच साचते, मुळे गुदमरतात आणि पाऊस संपल्यावर त्याच जमिनीतील ओल पिकाला मिळेनाशी होते. एकाच नावाच्या दोन मृदांत हा फरक कशाने पडतो व तो ओळखावा कसा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावून पश्चिमेकडे वाहते व जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीस मिळते. उत्तरेस गाविलगडचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मधोमध अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेले सपाट गाळाचे मैदान, अशी या खोऱ्याची रचना आहे. या मैदानाच्या मोठ्या भागास लोक खारपाणपट्टा म्हणतात. हे नाव मातीवरून पडलेले नसून विहिरींच्या खाऱ्या पाण्यावरून पडले आहे, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

मृदाछेदात दिसणारी लक्षणे

मृदेची ओळख प्रयोगशाळेत सुरू होत नाही. ती शेतात खणलेल्या दीड-दोन मीटर खोल खड्ड्यात सुरू होते. अमेरिकी मृदावर्गीकरणाने (१९७५) काळ्या भेगाळ मृदांना 'वर्टिसॉल' या स्वतंत्र गणात स्थान दिले. त्यासाठी चिकण कणांचे प्रमाण किमान ३० टक्के असावे लागते, भेगा ऋतुमानानुसार उघडाव्या व मिटाव्या लागतात आणि पहिल्या मीटरच्या आत स्लिकनसाइड, म्हणजे मातीचे थर एकमेकांवर घसरून तयार झालेली गुळगुळीत, चकाकणारी तिरकी पृष्ठे, किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळे आढळावी लागतात. विदर्भातील कन्हार, मोरंड, खरडी, बरडी ही जुनी नावेही मातीची खोली, पोत व स्थान पाहूनच दिलेली आहेत. त्या नावांमागील निरीक्षण आधुनिक वर्गीकरणाहून फार दूरचे नाही.

काळ्या रंगावरून मात्र घाईने अनुमान काढू नये. या मृदांत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. रंगाचे कारण सेंद्रिय द्रव्याची विपुलता हे नसून थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचे स्मेक्टाइट या चिकण खनिजाशी झालेले घट्ट संयोजन हे मानले जाते. 'काळी म्हणजे कसदार' हे समीकरण वर्गात शिकविताना एवढी दुरुस्ती करणे आवश्यक आहे.

प्रयोगशाळेतील माहिती

प्रयोगशाळेत प्रथम पोत ठरविला जातो. खोल काळ्या मृदांत चिकण कणांचे प्रमाण सामान्यतः ४५ ते ६५ टक्के आणि धन आयन विनिमय क्षमता प्रति किलो ४० ते ६५ सेंटिमोल इतकी असते. ओले ढेकूळ सुकल्यावर किती आकसते, हे रेषीय प्रसरण गुणांकावरून समजते, ०.०६ च्या वरचा गुणांक तीव्र आकुंचन-प्रसरणाचा निदर्शक आहे. या तिन्ही कसोट्यांवर नागपूरची व अकोल्याची मृदा जवळपास सारखीच उतरते.

फरक उघड होतो तो विनिमयी सोडियमच्या शेकडा प्रमाणात, म्हणजे चिकण कणांच्या पृष्ठभागावर धरून ठेवलेल्या धन आयनांत सोडियमचा वाटा किती यात. कॅल्शियम चिकण कणांना एकत्र बांधून ठेवतो. सोडियमचा वाटा वाढला की कण विखुरतात, सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि पाण्याची वाट बंद होते. मराठीत खारवट आणि चोपण असे दोन वेगळे शब्द आहेत ते याच कारणाने. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात, तर चोपण जमिनीत सोडियम कणांना चिकटलेला असतो. खारपाणपट्ट्यातील अनेक मृदाछेदांत विद्युत वाहकता फारशी वाढलेली नसते, सामू मात्र ८.५ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि सोडियमचे प्रमाण खोलीबरोबर वाढत जाते. म्हणजे पाणी खारे असले तरी माती मुख्यतः चोपण आहे. केवळ विद्युत वाहकता पाहणाऱ्याच्या अहवालात हीच जमीन 'सामान्य' ठरते.

सोडियमचे किती प्रमाण घातक मानावे, हा वादाचा विषय आहे. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ च्या पुस्तिकेत १५ ही मर्यादा दिली आणि ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिरली. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तेथील मृदांसाठी ६ ही मर्यादा स्वीकारली. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील संशोधकांनी मध्य भारतातील वर्टिसॉलचा अभ्यास करून ही मर्यादा ५ इतकी खाली असावी, असे प्रतिपादन केले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार सोडियम ५ टक्क्यांच्या वर जाऊन संपृक्त जलवाहकता ताशी १० मि.मी.पेक्षा कमी झाली की कपाशीचे उत्पन्न जवळपास निम्म्यावर येते. वर्गीकरणात 'सोडिक' हे विशेषण लागण्यासाठी मात्र १५ चीच अट आहे. त्यामुळे ८ किंवा १० टक्के सोडियम असलेली, पिकाच्या दृष्टीने बिघडलेली मृदा कागदोपत्री चांगल्या मृदेच्याच उपगटात राहते. ही मर्यादा स्थानिक पुराव्यावरून ठरावी, ही नागपूरच्या संशोधकांची भूमिका अधिक ग्राह्य वाटते. कारण स्मेक्टाइटने भरलेल्या मृदेत जलवाहकता मुळातच कमी असते व थोडा सोडियमही तिला पुरेसा ठरतो.

प्रयोगशाळेच्या आकड्यांनाही मर्यादा आहेत. चुनखडीयुक्त मृदेत अमोनियम अॅसिटेट वापरल्यास काही चुना विरघळतो आणि विनिमयी कॅल्शियम प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. चुन्याचेही तसेच आहे. तीक्ष्ण कडांचे, कठीण, जुने खडे आणि मातीतच अलीकडे साकळलेला मऊ, विखुरलेला चुना यांची बेरीज एकाच टक्केवारीत होते. या दोहोंतील भेद पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच स्पष्ट होतो, आणि मृदेचा इतिहास समजण्यासाठी नेमका तोच भेद लागतो.

हवामानाचा हात

खोऱ्यात वार्षिक पावसाचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाताना पाऊस कमी होतो आणि हवामान निमआर्द्रतेकडून निमशुष्कतेकडे झुकते. नागपूर परिसरात सरासरी पाऊस सुमारे हजार मि.मी. किंवा थोडा अधिक, तर अकोल्याकडे सुमारे आठशे मि.मी. आहे. दोन्हीकडे वर्षभराचे संभाव्य बाष्पोत्सर्जन पावसाहून बरेच अधिक आहे. दोनशे-अडीचशे मि.मी.चा हा फरक लहान वाटतो. मृदेत तो मोठा होतो.

त्याची प्रक्रिया अशी. पाऊस पुरेसा असेल तर मातीतील द्रावण खोल निघून जाते. पाऊस अपुरा असेल तर ते मध्येच सुकते आणि त्यातील कॅल्शियम चुन्याच्या रूपाने साकळतो. सोडियमची संयुगे अधिक विद्राव्य असल्याने सोडियम द्रावणातच राहतो. द्रावणात कॅल्शियमच्या तुलनेत सोडियम वाढत गेला की चिकण कणांवरील कॅल्शियमची जागा सोडियम घेतो. याचा अर्थ, चुना साकळणे आणि जमीन चोपण होणे या दोन स्वतंत्र घटना नसून एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत. पुढे कण विखुरल्याने पाणी आणखी कमी झिरपते, माती खालून आणखी कोरडी राहते आणि ही प्रक्रिया स्वतःलाच बळ देते. निमशुष्क भागात भेगा स्लिकनसाइडच्या थरापर्यंत खोल जातात, तर अधिक पावसाच्या भागात त्या वरच थांबतात, हेही याच कोरडेपणाचे लक्षण होय.

हवामानाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आजच्या निमशुष्क हवामानात बेसाल्टपासून एवढे स्मेक्टाइट तयार होणे शक्य नाही. ते पूर्वीच्या अधिक दमट काळात बनले व गाळाबरोबर खोऱ्यात येऊन साचले, असे नागपूरच्या संशोधनातून दिसून आले आहे. म्हणजे मृदेतील चिकण खनिज एका हवामानाचे आणि त्यावरील सोडियम दुसऱ्या हवामानाचा आहे. आजच्या पर्जन्यमापकावरून मृदेचा सगळा जन्मवृत्तान्त मांडता येत नाही.

भूरूपाची साक्ष

पूर्णेचे खोरे भूभ्रंशांमुळे खचलेले असून त्यात गाळाचा जाड थर साचला आहे. मैदानाचा उतार अत्यंत मंद असल्याने पृष्ठभागावरील पाणी रेंगाळते व जमिनीखालील निचराही मंद राहतो. मैदान डोळ्यांना सपाट दिसले तरी त्यात सूक्ष्म उंचसखलपणा असतो आणि त्यानुसार थोड्या अंतरावर पाणी कमी-अधिक मुरते. एकाच शेतात एका कोपऱ्यातील पीक तजेलदार आणि दुसऱ्यातील खुरटलेले का, याचे उत्तर खताच्या हिशेबात सापडत नाही. ते अनेकदा या हातभर उंचीच्या फरकात असते.

भूरूपाकडे दुर्लक्ष केल्यास उपायही चुकतो. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातही सामू व सोडियम वाढलेल्या काळ्या जमिनी आहेत. तेथील बिघाड मुख्यतः सिंचनाच्या अतिरेकातून व निचऱ्याच्या अभावातून आलेला आहे. पूर्णा खोऱ्यातील बिघाड कोरडवाहू शेतीतही निसर्गतः घडलेला आहे. दोन अहवालांतील आकडे सारखे असू शकतात, कारणे सारखी नसतात. तेथे पाण्याचा वापर आवरणे व भूमिगत निचरा करणे हा उपायाचा गाभा आहे. येथे शेतकरी पाणी अधिक वापरत नाही. मुरणारे पाणीच कमी आहे.

उलट उदाहरणही आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ठिकठिकाणी झिओलाइट खनिजे आढळतात. त्यांतील काही कॅल्शियमयुक्त असून ती मातीत सतत थोडा थोडा कॅल्शियम सोडत राहतात. अशा काही काळ्या मृदांत सोडियमचे प्रमाण वाढलेले असूनही पाणी झिरपत राहते आणि पीक येते. म्हणून सोडियमच्या आकड्यासोबत जलवाहकता प्रत्यक्ष मोजणे अगत्याचे आहे. ही चाचणी वेळखाऊ असल्याने ती सर्वांत आधी वगळली जाते, हे दुर्दैव होय.

नमुना कोठून घ्यावा

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशा बारा बाबी तपासल्या जातात. नमुना वरच्या पंधरा-वीस सें.मी. थरातील असतो. खतांच्या मात्रेसाठी ही व्यवस्था उपयुक्त आहे. परंतु खारपाणपट्ट्यात बिघाड त्या थराच्या खाली आहे आणि बारा बाबींत विनिमयी सोडियमही नाही, जलवाहकताही नाही. महाविद्यालयांतील लघुसंशोधन प्रकल्पांचीही हीच गत दिसते. तालुक्यातील पंचवीस गावांतून वरच्या थराची माती आणायची, सामू व नत्र-स्फुरद-पालाश यांचे कोष्टक करायचे आणि त्यास त्या तालुक्याच्या मृदेचा अभ्यास म्हणायचे, अशा लेखनाने मृदेची ओळख होत नाही. पंचवीस ठिकाणच्या वरच्या थरापेक्षा डोंगरपायथ्यापासून नदीपर्यंतच्या एका रेषेवर खणलेले चार खड्डे, प्रत्येकातील एक मीटरपर्यंतचे थरवार नमुने आणि जवळच्या पर्जन्यमापन केंद्राची तीस वर्षांची नोंद अधिक काही सांगू शकते. खर्चही फार वाढत नाही. श्रम मात्र वाढतात.

अशा माहितीअभावी शेतकऱ्याचे नुकसान प्रत्यक्ष होते. वरचा थर पाहून जमीन 'सामान्य' ठरली, तर तो विहीर खणून कपाशीला खारे पाणी देतो आणि काही हंगामांत असलेली जमीनही घट्ट होते. चोपणपणा वेळीच ओळखला तर जिप्समचा विचार करता येतो. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवितो. पण हटलेल्या सोडियमला वाहून नेणारे गोडे पाणी व निचऱ्याची वाट हवी. सपाट मैदानात ती वाट सहज मिळत नाही. म्हणून जिप्समच्या जोडीला रुंद वरंबा-सरीसारखी पृष्ठनिचऱ्याची पद्धत आणि पावसाचे गोडे पाणी साठविणारी शेततळी यांची गरज पडते. २०१८ पासून राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील गावे समाविष्ट केली गेली. जिप्समची मात्रा मात्र त्या त्या शेतातील विनिमयी सोडियमवरून व सुधारावयाच्या थराच्या खोलीवरूनच काढावी लागते, आणि हे दोन्ही आकडे खड्डा खणल्याशिवाय मिळत नाहीत.