आधी पांढरा, मग विटकरी

मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचा उपसा वाढतो, गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि समुद्र जमिनीखालून आत सरकतो. पाणी मचूळ लागू लागलं की त्याची बाटली प्रयोगशाळेत येते. तिथे क्लोराईड मोजायची जी रीत मी जवळून पाहिली, ती कार्ल फ्रीडरिश मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, १८५६ सालची.

शंकूपात्रात १०० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात मिलिलिटरभर पोटॅशियम क्रोमेट घालतात. पाणी पिवळं होतं. वरच्या ब्युरेटमध्ये सिल्व्हर नायट्रेट. थेंब पडतो तिथे लालसर ठिपका उमटतो, पात्र हलवलं की विरतो, आणि मागे दुधी गढूळपणा राहतो. थेंबाच्या जागी क्षणभर चांदी मुबलक असते, म्हणून क्रोमेटही तिला धरतं. ती पाण्यात पसरली की क्लोराईड ती काढून घेतं.

हे पुस्तकातल्या आकड्यांवरून चटकन पटत नाही. सिल्व्हर क्रोमेटचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे साका बसायला आयनांच्या प्रमाणांचा जो गुणाकार गाठावा लागतो तो, सिल्व्हर क्लोराईडच्या सुमारे १६० पट लहान. मग त्याचाच साका आधी बसायला हवा ना? पण क्रोमेटच्या एका आयनाला चांदीचे दोन आयन लागतात, त्यामुळे गुणाकारात चांदीचा वर्ग येतो आणि हे दोन आकडे थेट शेजारी ठेवताच येत नाहीत. प्रश्न असा विचारावा: या पाण्यात कोणाला किती चांदी पुरते? लिटरला ३५५ मिलिग्रॅम क्लोराईड असेल (पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा २५०, पर्याय नसेल तर १०००), तर साका सुरू व्हायला लिटरमागे १८ नॅनोमोल चांदी पुरते. क्रोमेटला सुमारे २०,००० लागतात. तेवढी चांदी साचेपर्यंत मूळ क्लोराईडचा हजारावा भागही पाण्यात उरलेला नसतो. म्हणूनच हलवूनही न जाणारी विटकरी छटा दिसली की ब्युरेटची तोटी बंद करायची. ही छटा ओळखायला सरावलेली नजर लागते, आणि तिचं मला फार मोल वाटतं.

पाणी आम्लधर्मी असेल तर क्रोमेटचं डायक्रोमेट होतं, फार अल्कधर्मी असेल तर चांदी ऑक्साईड होऊन बसते. म्हणून सामू ७ ते १० मध्ये ठेवतात.

समुद्राच्या पाण्याबरोबर ब्रोमाईडही विहिरीत येतं. सिल्व्हर ब्रोमाईडचा गुणाकार सिल्व्हर क्लोराईडच्या साडेतीनशे पट लहान, आणि इथे दोन्हीकडे चांदी एकास एक, म्हणजे तुलना सरळ. तरी ब्रोमाईडचा नंबर पहिला लागत नाही, कारण समुद्रात क्लोराईडचे सुमारे साडेसहाशे आयन असतात तेव्हा ब्रोमाईडचा एक. हिशोबाने क्लोराईड किंचित आधी सुरू होतं. प्रत्यक्षात दोघं एकाच स्फटिकात मिसळून खाली बसतात, आणि अहवालात ते थोडंसं ब्रोमाईडही क्लोराईड म्हणूनच मोजलं जातं.