'त्रयस्थ' कोण? : मोटार-अपघात, विमा व नुकसानभरपाई यांच्या कायद्यातील एक मध्यवर्ती प्रश्न

भरधाव जाणाऱ्या एका दुचाकीचा तोल सुटतो, ती पदपथावर चढते आणि तिघांना दुखापत होते : स्वतः गाडी चालविणारा मालक, त्याच्या मागे बसलेला स्नेही आणि पदपथावरून चाललेला एक पादचारी. तिघांचीही दुखापत सारखीच व तिघांच्याही औषधोपचाराचा खर्च सारखाच असे धरले, तरी कायदा त्या तिघांना तीन निरनिराळी उत्तरे देतो. गाडीचा केवळ कायद्याने आवश्यक तेवढाच विमा उतरविलेला असेल, तर पादचाऱ्याला विमा कंपनीकडून पूर्ण भरपाई मिळू शकते. स्नेह्याला मालकाविरुद्ध दावा लावता येतो, परंतु त्याची भरपाई देण्याचे दायित्व विमा कंपनीवर सामान्यतः येत नाही. मालकाला तर, वैयक्तिक अपघात-विम्यात नमूद केलेले कायमचे अपंगत्व आल्याखेरीज, काहीच मिळत नाही. हा भेद दुखापतीतून उद्भवत नाही. पीडित व्यक्तीचे विम्याच्या कराराशी नाते कोणते, या एका प्रश्नातून तो उद्भवतो. अपघातानंतर सामान्य माणसाला पडणाऱ्या बहुतेक कायदेशीर प्रश्नांची गुरुकिल्ली याच प्रश्नात आहे.

सक्तीच्या विम्याचा उगम

'व्यक्तीबरोबर तिचा दावाही मरतो' हे इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्व होते. प्राणघातक अपघातांपुरते ते ब्रिटनमध्ये १८४६ साली व हिंदुस्थानात १८५५ च्या अधिनियमाने शिथिल झाले आणि मृताच्या कुटुंबाला दावा लावण्याचा हक्क मिळाला. तथापि, हक्क मिळणे आणि पैसा हाती येणे या दोन गोष्टी भिन्न होत. गाडीचा मालक निर्धन असेल, तर त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा हा केवळ कागदच ठरे. ही अडचण ओळखून ब्रिटनने १९३० साली त्रयस्थासाठी विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानात १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात तशीच तरतूद झाली व ती १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. पुढे १९५६ च्या सुधारणेने स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली. १ जुलै १९८९ पासून अंमलात असलेल्या १९८८ च्या अधिनियमाचाही पाया हाच आहे.

या विम्याचे वैशिष्ट्य असे की करार दोघांत होतो आणि लाभ तिसऱ्याला मिळतो. मालक हा पहिला पक्ष, विमाकर्ता हा दुसरा आणि उरलेले जग हे त्रयस्थ. कराराशी संबंध नसलेल्याला करारावर दावा सांगता येत नाही, हा सामान्य नियम कायद्याने येथे बाजूस सारला आहे. भरपाईचा हुकूम मालकाविरुद्ध झाला, तरी ती रक्कम जणू स्वतःच ऋणको असल्याप्रमाणे विमाकर्त्याने चुकती केली पाहिजे, असे अधिनियम सांगतो.

वाहनातील व्यक्ती त्रयस्थ आहेत काय?

रस्त्यावरील व्यक्तीविषयी शंका नाही. अडचण वाहनात बसलेल्यांविषयी आहे. खाजगी मोटारीत फुकट प्रवास करणाऱ्याचा विमा उतरविणे १९३९ च्या अधिनियमाखाली सक्तीचे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. मालमोटारीतून फुकट जाणाऱ्या प्रवाशाला १९८८ च्या अधिनियमाचे संरक्षण आहे, असे १९९९ साली म्हटले गेले. परंतु २००२ साली तो निर्णय फिरविण्यात आला. मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांनाच, १९९४ च्या सुधारणेमुळे, ते संरक्षण आहे. म्हणजे भाजीच्या टोपल्यांबरोबर टेंपोत बसलेला शेतकरी सुरक्षित, आणि त्याच टेंपोत वाटेत चढलेला मजूर असुरक्षित! दुचाकीवर मागे बसणाराही वैधानिक विम्याच्या कक्षेत येत नाही, हे २००६ साली स्पष्ट झाले.

या कठोरतेवर उपाय आहे, पण तो कायद्यात नसून करारात आहे. सर्वंकष अथवा 'पॅकेज' पॉलिसीखाली खाजगी मोटारीतील प्रवासी व दुचाकीवर मागे बसणारा यांचे दायित्व विमाकर्त्यावर येते, असे विमा नियामकाने २००९ साली परिपत्रकाने स्पष्ट केले व सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ते मान्य केले. केवळ वैधानिक पॉलिसीला हे लागू नाही. म्हणून विमा 'आहे' की नाही एवढे पाहून भागत नाही. तो कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. २०१९ च्या सुधारणेने परिवहन वाहनाचा चालक व त्यावरील सहकारी यांचा 'त्रयस्थ' या संज्ञेत स्पष्ट शब्दांत समावेश केला, हा या संकल्पनेच्या विस्ताराचा अलीकडील टप्पा होय.

मालक स्वतः मात्र त्रयस्थ कधीच होऊ शकत नाही, कारण स्वतःविरुद्ध स्वतःचे दायित्व संभवत नाही. मालकाची गाडी उसनी घेऊन चालविणाऱ्यालाही न्यायालयाने २००९ साली मालकाच्याच स्थानी मानले. अशा व्यक्तीचा अपघात दुसऱ्या वाहनाच्या दोषामुळे झाला असेल, तर त्या दुसऱ्या वाहनाच्या मालकाकडे व विमाकर्त्याकडे दावा करावा लागतो. मालक-चालकासाठी सक्तीचा वैयक्तिक अपघात-विमा आहे. २०१८ साली त्याची रक्कम १५ लाख रुपये करण्यात आली. परंतु ती करारातील ठराविक रक्कम आहे. प्रत्यक्ष हानीचे मोजमाप नव्हे.

परवाना नसेल तर?

चालकाकडे योग्य परवाना नव्हता, हा विमाकर्त्याचा नेहमीचा बचाव होय. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या बचावाची मर्यादा आखून दिली. केवळ परवाना नव्हता किंवा तो बनावट होता एवढे दाखवून विमाकर्ता सुटत नाही. मालकाने स्वतः अटीचा भंग केला अथवा पुरेशी दक्षता घेतली नाही, हे त्याने सिद्ध करावयाचे असते. ते सिद्ध झाले, तरीही न्यायाधिकरण विमाकर्त्याला प्रथम त्रयस्थाला रक्कम देण्यास व नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगू शकते. मालकाच्या चुकीचे प्रायश्चित्त निरपराध पीडिताने घेऊ नये, हे त्यामागील तत्त्व आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोग्रॅमपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन चालविता येते, असा निर्णय घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्यामुळे या विषयावरील एक जुना वादही मिटला.

मालमत्ता : एका कागदावरील दोन करार

गाडीच्या नुकसानीविषयीच्या प्रश्नांतही हाच भेद आढळतो. सर्वंकष पॉलिसी ही वस्तुतः एका कागदावर लिहिलेले दोन करार होत : एक त्रयस्थाविषयीच्या दायित्वाचा व दुसरा मालकाच्या स्वतःच्या गाडीचा. गाडी विकली गेली म्हणजे हा भेद उघड होतो. अधिनियमाच्या १५७ व्या कलमानुसार पॉलिसी नव्या मालकाच्या नावे आपोआप हस्तांतरित झाल्याचे मानले जाते. परंतु हे हस्तांतर त्रयस्थाच्या जोखमीपुरतेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. विमाकर्त्याची संमती घेऊन पॉलिसी आपल्या नावावर करून घेतली नसेल, तर नव्या मालकाला स्वतःच्या गाडीच्या मोडतोडीची भरपाई मागता येत नाही. उलटपक्षी, विकणाऱ्यालाही सावध राहिले पाहिजे. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, असा निर्णय २०१८ साली झाला. म्हणून गाडी चार हात फिरली, तरी नोंद बदललेली नसल्यास दायित्व मूळ विक्रेत्यावरच येऊन पडते.

त्रयस्थाच्या मालमत्तेचे संरक्षण त्याच्या देहाच्या संरक्षणाच्या तुलनेने फार तोकडे राहिले. १९८८ च्या मूळ अधिनियमात मृत्यू व दुखापत यांच्याविषयीचे दायित्व अमर्याद होते; परंतु मालमत्तेच्या हानीविषयीची वैधानिक मर्यादा अवघी ६,००० रुपये होती. त्यापुढील रकमेसाठी पॉलिसीतील जादा संरक्षण अथवा मालकाची ऐपत, एवढाच आधार उरे.

भरपाईचे गणित

दावा मान्य झाल्यावर रक्कम कशी ठरते? 'गुणक' पद्धतीचा पाया ब्रिटनमध्ये लॉर्ड राइट यांनी १९४२ सालच्या एका निर्णयात घातला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली, केरळ राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या खटल्यात, ती निश्चितपणे स्वीकारली. २००९ साली तिचे कोष्टक ठरले आणि २०१७ साली घटनापीठाने त्यास भावी उत्पन्नवाढीची जोड दिली.

उदाहरणार्थ, ३४ वर्षांचा एक शिंपी मृत्यू पावला; त्याचे मासिक उत्पन्न २०,००० रुपये असून पत्नी, दोन मुले व आई असे चौघे त्याच्यावर अवलंबून होते. वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये झाले. स्वतंत्र व्यवसाय करणारा व वय चाळिशीच्या आत, म्हणून भावी वाढीचे ४० टक्के मिळवून ते ३,३६,००० होते. अवलंबितांची संख्या चार ते सहा असता मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करावयाचा असल्याने २,५२,००० उरतात. ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६ आहे. तेव्हा आश्रयहानी ४०,३२,००० रुपये ठरते. भावी वाढ धरली नसती, तर हाच आकडा २८,८०,००० झाला असता. याखेरीज संपदेची हानी, सहवासाचा लोप व अंत्यविधी यांसाठी अनुक्रमे १५,०००, ४०,००० व १५,००० रुपये २०१७ साली निश्चित झाले. त्यांत दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ व्हावयाची आहे.

या गणिताची खरी कसोटी उत्पन्नाचा कागद नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत लागते. गृहिणीच्या श्रमाचे मूल्य शून्य नव्हे, हे न्यायालयांना क्रमाक्रमाने मान्य करावे लागले. जमशेदपूर येथील १९८९ च्या अग्निकांडात मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या बाबतीत २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या गृहसेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले. गृहिणीच्या कल्पित उत्पन्नावरही भावी वाढ द्यावी, हे २०२१ साली मान्य झाले. दुखापतीच्या दाव्यांत, अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी व कमाईच्या शक्तीची हानी या दोन गोष्टी एक नव्हेत, हे २०१० च्या निर्णयाने विशद केले. हात गमावलेल्या मोटारचालकाची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडते; कचेरीतील कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

दोष की हानी?

वरील सर्व व्यवस्था चालकाची हयगय सिद्ध होण्यावर आधारलेली आहे. तिच्या शेजारी १९८२ पासून दोषनिरपेक्ष भरपाईची दुसरी व्यवस्था उभी राहिली. आरंभी मृत्यूसाठी १५,००० व कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये अशी ती होती. १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व जबर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. मात्र विहित पद्धतीने ही रक्कम स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढील अर्ज संपुष्टात येतो. वरील शिंप्याच्या विधवेने घाईने ५ लाख स्वीकारले, तर ती ४० लाखांच्या हक्कावर पाणी सोडते. कायद्याच्या ज्ञानाचे मूल्य इतके रोकडे क्वचितच दिसते.

त्याच दिवसापासून अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही पुन्हा लागू झाली. १९९४ साली ती काढून टाकलेली होती. तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले व अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही विलंब न करणे हेच शहाणपणाचे होय. अर्जदाराला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न घेता उपचार व्हावेत, अशी योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे.

ठोकर देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर काय? २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख व जबर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. म्हणजे वाहनाचा क्रमांक कोणी टिपला की नाही, यावर एका कुटुंबाचे भवितव्य ठरते.

१९३९ पासूनचा हा इतिहास म्हणजे 'त्रयस्थ' या शब्दाच्या क्रमशः विस्ताराचा इतिहास आहे. परंतु हा विस्तार मालाच्या धन्यापर्यंत व परिवहन वाहनावरील कामगारापर्यंत येऊन थांबला. दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती वैधानिक विम्याच्या बाहेरच राहिली. ज्या देशात दुचाकी हेच असंख्य कुटुंबांचे वाहन आहे आणि मागे बसणारी व्यक्ती बहुधा पत्नी, मूल किंवा वृद्ध आई असते, तेथे ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. सक्तीचा विमा मालकाच्या संरक्षणासाठी नसून पीडिताच्या संरक्षणासाठी आहे, हे तत्त्व एकदा स्वीकारले, की पीडित रस्त्यावर उभा होता की गाडीवर बसला होता, या भेदाला तर्काचा आधार उरत नाही. तो भेद दूर करणे हे कायदेमंडळाचे काम आहे. तोपर्यंत पॉलिसीचा प्रकार वाचून पाहणे, एवढेच गाडी विकत घेणाऱ्याच्या हाती राहते.