पाटी आणि पूल

घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रो गाठायची तर दोन गोष्टी उपयोगी पडतात: बाण काढलेली पाटी आणि दोन्ही स्थानकांना जोडणारा पूल. पाटी नुसती दिशा सांगते, पूल पलीकडे नेतो. दूरच्या संगणकावरचा फोल्डर जवळ आणण्यासाठीही असे दोन उपाय आहेत. पाटीसारखी ती ‘सिम्बॉलिक लिंक’, पुलासारखा तो ‘माउंट’.

समजा, मुलुंडच्या एखाद्या शाळेत लिनक्सवर चालणारे संगणक आहेत आणि परीक्षेचे गुण एका सर्व्हरवर ठेवले आहेत. लिंक म्हणजे केवळ पत्ता लिहिलेली चिमुकली फाइल. मूळ फोल्डरचे नाव बदलले तरी ती जुनाच पत्ता सांगत राहते. शिवाय ती एकटी जाळे ओलांडू शकत नाही. त्यासाठी माउंटच लागतो. युनिक्सच्या जगात ही सोय सन कंपनीच्या ‘एनएफएस’ने १९८४ पासून रूढ केली.

माउंट करताना आपल्या संगणकावर एक रिकामा फोल्डर निवडतात आणि त्यावर सर्व्हरचा फोल्डर जणू पांघरतात. खरा धोका इथेच आहे. सकाळी सर्व्हर उशिरा सुरू झाला आणि माउंट झालेच नाही, तरी तो रिकामा फोल्डर जागेवर असतोच. त्यात लिहिण्याची परवानगी असेल, तर बाई गुण भरतात, संगणक मुकाट्याने ते स्वतःच्या डिस्कवर साठवतो. दुपारी माउंट झाले की ती फाइल पांघरुणाखाली जाते. बाईंना वाटते, गुण पुसले गेले!

म्हणून आम्ही दोन्ही वापरायला सांगू. माउंट एकाच ठिकाणी करावे. शिक्षकांना द्यायची लिंक मात्र त्या जागेची नव्हे, तर सर्व्हरवरच्या ‘गुण’ या आतल्या फोल्डरची असावी. माउंट झाले नसेल, तर ‘गुण’ फोल्डरच सापडत नाही आणि संगणक साठवायला साफ नकार देतो. हा नकार त्रासदायक खरा, पण नाहीशा झालेल्या गुणपत्रिकेपेक्षा परवडला. सर्व्हर बदलला तरी माउंटची एक ओळ बदलली की पुरे. लिंक तशाच राहतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. एका फोल्डरात एक फाइल ठेवा, त्याच फोल्डरावर पेनड्राइव्ह माउंट करा आणि फाइल कुठे गेली, असे मुलांना विचारा. त्यांची उत्तरे ऐकून झाल्यावर पेनड्राइव्ह अनमाउंट करा.