लेक लंडनला, आई माढ्यात: मानवी हक्काचं कलम ८ कामी येतं का?

माढ्यात एकटी राहणारी आई आणि ब्रिटनचा नागरिक झालेला मुलगा. आईला कायमचं तिकडं न्यायचं म्हटलं की अडचण सुरू होते.

२०१२ पासून तिथला नियम असा, की वय, आजार किंवा अपंगत्वामुळं आईला रोजच्या कामांसाठी कायम दुसऱ्याची मदत लागली पाहिजे. शिवाय मुलानं पैसे पाठवूनही ती देखभाल भारतात मिळत नसली पाहिजे. गंमत बघा, आईला सांभाळायची ऐपत मुलाला दाखवावीच लागते. आणि ऐपत आहे म्हटल्यावर ‘मग माढ्यातच बाई ठेवा’ असं सांगून अर्ज फेटाळता येतो.

अपिलात मग युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम ८ पुढं येतं, म्हणजे कौटुंबिक जीवनाचा आदर. नवरा-बायको, लहान लेकरं यांचं नातं कोर्ट सहज मानतं. सज्ञान मुलगा आणि आई यांच्यात मात्र नेहमीच्या मायेपलीकडचं अवलंबून असणं सिद्ध करावं लागतं. ते झालं तरी देशाच्या आर्थिक हितासाठी सरकार नाही म्हणू शकतं. कलमातच तशी मुभा आहे.

२०१७ मध्ये अपील कोर्टानं २०१२ चा नियम कायम ठेवला. पण वैद्यकीय पुरावा असेल तर आईची मानसिक, भावनिक गरजही धरावी लागेल, असं सांगितलं. त्यामुळं फाइलीत पैसे पाठवल्याच्या पावत्यांपेक्षा डॉक्टरांचा कागद जास्त बोलतो.