आच कमी, झोका अपुरा

इंडक्शनवर आच अगदी कमी केली तरी दूध संथ तापत नाही. उकळी चढते, बसते, पुन्हा चढते. शेगडी बिघडलीय का, असं बरेच जण विचारतात. बिघडलेली नसते. आतला आयजीबीटी, म्हणजे वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, जळू नये म्हणून ती मधूनमधून स्वतःला बंद करत असते.

शेगडीच्या पोटात इन्व्हर्टरच असतो. २३० व्होल्टच्या एसीची आधी डीसी होते आणि मग आयजीबीटी सेकंदाला २० हजारांहून अधिक वेळा उघडझाप करून ती कॉइलमध्ये सोडतो. अंगावर ३०० व्होल्ट असताना तो चालू झाला तर? कॉइलसोबतच्या ०.३ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमागे दर खेपेला १३.५ मिलीज्यूल वाया, म्हणजे सेकंदाला २७० ज्यूल. बोटाच्या पेराएवढी चिप २७० वॉट कुठून सोसणार?

म्हणून झोपाळ्याची युक्ती. झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर थबकतो, तेव्हाच त्यावरून उतरावं. कॉइल आणि कपॅसिटर मिळून व्होल्टेजला असाच झोका देतात. ते हजाराच्या आसपास चढतं, परत शून्यावर येतं आणि नेमक्या त्या क्षणी आयजीबीटी चालू होतो. हेच सॉफ्ट स्विचिंग. आच कमी केली की झोका लहान होतो, व्होल्टेज शून्यापर्यंत पोचतच नाही. मग साध्या, एकाच आयजीबीटीच्या शेगड्या थोडा वेळ जोरात चालतात, थोडा वेळ गप्प बसतात.

विजेच्या मोटर चालवणाऱ्या थ्री-फेज इन्व्हर्टरमध्ये असे सहा स्विच असतात. प्रत्येकाची वेळ साधायची कशी? आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले दीपक दिवाण यांनी १९८६ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना, एका पेपरमध्ये उत्तर दिलं: सगळ्या स्विचना डीसी पुरवणाऱ्या सामायिक डीसी लिंकलाच झोके घेऊ द्या, म्हणजे सहाही स्विचना शून्य एकदमच मिळेल. किती सुंदर कल्पना! व्होल्टेज दुपटीवर उसळायचं, पण त्याला लगाम घालणारं सर्किटही त्यांच्याच गटानं लवकरच दिलं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केलेल्या विल्यम मॅकमरे यांनी छोटे साहाय्यक स्विच जोडून दुसरी वाट दाखवली.

आज सगळं कौतुक सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइडच्या नव्या ट्रान्झिस्टरच्या वाट्याला येतं. गूगलची छोट्यात छोट्या इन्व्हर्टरची स्पर्धा २०१६ मध्ये बेल्जियमच्या संघानं जिंकली, तेव्हाही बोलबाला गॅलियम नायट्राइडचाच झाला. पण त्या विजेत्या इन्व्हर्टरच्या डबीतही शून्य व्होल्टला स्विच करण्याची शिस्त होतीच. नवा ट्रान्झिस्टर विकत मिळतो, वेळ साधणारं सर्किट मात्र डोक्यातूनच यावं लागतं. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दिवाण यांचा तो पेपर विद्यार्थ्यांना मुळातून वाचायला द्यावा.